अर्ध्या सदऱ्याचा चेकर

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी अर्धा सदरा घातला होता. अर्धा म्हणजे अर्ध्या बाह्यांचा नव्हे. उजव्या अंगाला बाही, बटणं, कडक इस्त्री, सगळं जागच्या जागी. आणि डाव्या अंगाला काहीच नाही. छातीच्या मधोमध कात्रीने सरळ कापून कडेला नेटकी टीप मारलेली. कॉलर तेवढी पूर्ण होती आणि गळ्याशी तिचं बटण लावलेलं होतं, म्हणून तो प्रकार अंगावर टिकत होता. अशा अवतारात हा सत्तरीचा माणूस भिवंडीजवळच्या अंजूरमधल्या आपल्या घराच्या ओटीवर अगदी ताठ बसला होता, आणि मी त्याच्या माडीवरची खोली भाड्याने मागायला आले होते.

त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरीचं विचारलं नाही. फक्त म्हणाले, "बाय, वढनीचं टोक दाव जरा."

मी गोंधळून टोक पुढे केलं. त्यांनी ते अंगठा आणि बोट यांत धरलं, डोळे मिटले, बोट एकदाच फिरवलं आणि म्हणाले, "सेकंडचा माल हाय. दुकानदारानं फ्रेश सांगून दिला ना? तीन धुण्यांत इथं जाळी पडंल."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "पोरीची वढनी काय धरता? खोलीचं बोला!"

खोली मला मिळाली. आणि तिसऱ्या धुण्यानंतर ओढणीला तिथेच, बरोबर बोटाच्या जागी, जाळी पडली. त्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हणायला लागले. गाव त्यांना चेकरमामा म्हणायचं.

मामांनी चाळीस वर्षं निजामपुऱ्यातल्या एका पेढीवर कापड तपासलं होतं. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका त्यांच्या टेबलावर यायचा, खालून दिवा लागलेला असायचा, आणि मामा त्यावरून हात फिरवत जायचे. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, काही सुटायचं नाही. मग शिक्का. निर्दोष असेल तर फ्रेश. थोडीफार खोट असेल तर सेकंड. तुकडे पाडावे लागले तर फेंट. आणि अगदीच गेलेला माल असेल तर चिंधी. ताका कोणत्या मालकाचा हे कळलं तर हात ढिला पडतो, म्हणून नावाची पट्टी आत दुमडून मगच ताका आपल्यापुढे टाकायचा, असा नियम त्यांनी स्वतःच पेढीवर घातला होता. या नियमापायी त्यांनी एकदा सख्ख्या मेव्हण्याचे सगळे ताके चिंधीत घातले. मेव्हणा वर्षभर त्यांच्या घरी जेवला नाही. मामींनी ते मामांना कधी माफ केलं नाही, पण सांगताना मात्र नाकात नथ असल्यासारखी मान वर करून सांगायच्या.

पेढीचे शेठ अजून कधीतरी भेटायला यायचे. मामांकडे बोट दाखवून मला म्हणाले होते, "बेटा, लोगों का हिसाब कयामत के दिन होता है. ये आदमी इदरीच निपटा देता था."

निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, दिवा गेला, पण तपासणी काही थांबली नाही. भाकरी ताटात पडली की ती उजेडात धरली जायची. "फ्रेश" असा शेरा मामींना संसारात किती वेळा मिळाला असेल ते त्या बोटांवर मोजून दाखवायच्या आणि एक हात मोकळाच राहायचा. गावातल्या भाषणांना, नव्या रस्त्यांना, मुलींना बघायला येणाऱ्या नवऱ्यांना, सगळ्यांना शिक्के बसायचे. मी वडप्याच्या एका गोदामात क्वालिटीला होते. मोठ्या अभिमानाने ते मामांना सांगितलं, तर म्हणाले, "क्वालिटी म्हंजे काय करता तुमी?"

"पार्सल तपासतो. खोका फाटलाय का, पट्टी नीट आहे का."

"आनि आतला माल?"

"तो आम्ही उघडत नाही."

मामांनी माझ्याकडे कणवेने बघितलं. "मंग वॉचमन हायेस तू," म्हणाले.

आता त्या अर्ध्या सदऱ्याचं. मी राहायला येण्याच्या वर्षभर आधी मामांना नागीण उठली होती. डाव्या छातीपासून बगलेखालून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा. गावाने रीतसर घाबरून घेतलं. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस संपतो, असं चार जणींनी मामींना येऊन सांगितलं, आणि मामी दोन आठवडे दोरी घेऊन मधलं अंतर मोजत होत्या. फोड सुकले. नागीण गेली. पण जाताना आग ठेवून गेली. नस दुखावली आहे, असं डॉक्टर म्हणाले. वरून कातडी चांगली, आत निखारे. आणि त्यावर कापडाचा नुसता स्पर्श झाला तरी मामा कळवळून उठायचे. मलमल नको, जुनं धोतर नको, पंख्याचा वारासुद्धा नको. गोळ्या घेतल्या तर दिवसभर ओटीवर पेंगायचे. मिरचीच्या अर्काचं एक मलम मिळालं, त्याने घरातले सगळेच शिंकत अंगणात आले.

मला या गोष्टीचं हसू यायचं आणि त्याच क्षणी वाईटही वाटायचं. ज्या माणसाने आयुष्यभर कापडाला हात लावला, त्याला आता कापड हात लावू शकत नव्हतं. मामा स्वतः मात्र हे हसूनच सांगायचे. "आता कापड मना तपासतं, बाय. आनि रोज रिजेक्ट करतं."

पेढीवरचे शिक्के त्यांनी निवृत्तीच्या दिवशी मागून आणले होते. ते आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर पडायला लागले. संध्याकाळ झाली की मामा उठायचे, शिक्का फुंकायचे आणि त्या दिवसाच्या चौकटीत दाबायचे. मी आले तेव्हा महिनेच्या महिने चिंधी, चिंधी, चिंधी, मध्येच एखादा फेंट. फेंट म्हणजे दिवसाचा एखादा तुकडा बरा गेला.

कोणीतरी कल्याणच्या एका वैद्यबाईंचं नाव सुचवलं. मामा, मामी आणि मी असे तिघे गेलो. बाई तरुण होत्या, शांत होत्या, आणि त्यांच्याकडे एक छापील फॉर्म होता. झोप किती, चालणं किती, माणसांत मिसळता का, जगण्याची गोडी वाटते का. प्रत्येकाला शून्य ते दहा आकडा द्यायचा.

"वेदना दहापैकी किती?" बाईंनी विचारलं.

"दहा काय? मीटर?" मामा म्हणाले.

"नुसते दहा. आकडा द्या तुमच्या मनाने."

"असं मनानं देता येत न्हाय, डाक्टरबाय. तुमी धागे मोजता. मी ताका बघतो. अख्खा दिवस कसा गेला ते इचारा, मंग सांगतो." आणि पिशवीतून गुंडाळलेलं कॅलेंडर काढून त्यांनी टेबलावर पसरलं.

बाईंनी फॉर्म बाजूला ठेवला. कॅलेंडर पानापानाने बघितलं. कोणत्या शिक्क्याचा अर्थ काय ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "विजया देऊन बघू या. आग पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही. काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही. झाला तर दिवस सुसह्य होतात."

"विजया म्हंजे?" मामींनी विचारलं.

"भांगेच्या पानांचा अर्क. तिळाच्या तेलात असतो. औषध म्हणून चिठ्ठीवरच मिळतो."

मामी खुर्चीवरून उठल्याच. धाकट्या लेकीचं लग्न जमत आलेलं, सोयरे बघायला यायचे, आणि बाप भांग पिऊन ओटीवर अर्ध्या सदऱ्यात! बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं समजावलं. सुरुवात दोन थेंबांनी. पुढे वाढवायचे ते बाईंना विचारून. औषध चालू असताना स्कूटर चालवायची नाही, चक्कर आली तर बसून राहायचं, बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत ते लपवायचं नाही. मामींनी रिक्षात बसल्यावर बाटली पदरात घेतली आणि भिवंडी येईपर्यंत पदराबाहेर दिसू दिली नाही. घरी आल्यावर ती सरळ देवघरात महादेवाशेजारी ठेवली. म्हणाल्या, "त्येचीच हाय, त्येच्यापाशीच राहू दे. कोनी इचारलं तर परसाद."

पहिले पंधरा दिवस काही नाही. थेंब चारवर गेले. तिसऱ्या आठवड्यात कॅलेंडरवर लागोपाठ चार फेंट पडले. मग एक दिवस मी कामावरून आले तर मामी ओटीवर उभ्या राहून मला हाताने बोलावत होत्या, आणि आत मामा हातात शिक्का घेऊन कॅलेंडरसमोर घुटमळत होते. शेवटी दाबला. सेकंड! वर्षभरातला पहिला. मामींनी त्या संध्याकाळी सुरमई तळली आणि घरातल्या सगळ्यांनी सणासारखी खाल्ली. पुढच्या आठवड्यात मामांनी खांद्यावर पातळ पंचा टाकून पाहिला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो तासभर टिकला.

दुसरा कोणी माणूस असता तर देवाचे आभार मानून गप्प बसला असता. मामांना संशय आला.

"ताका येवढा साफ निघतो म्हंजे कोनीतरी डाग झाकलाय," ते म्हणाले. "औषधानं बरं वाटतंय का वाटतंय म्हनून वाटतंय? पट्टी दुमडून तपासला पायजे."

मग पट्टी दुमडण्याचं काम माझ्याकडे आलं. एक बाटली औषधाची, एक साध्या तिळाच्या तेलाची. चार आठवडे. कोणत्या आठवड्यात कोणती, ते मी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि मामांना शेवटपर्यंत सांगायचं नाही. वैद्यबाईंना फोन केला तर त्या इतक्या हसल्या की त्यांच्या पुढच्या पेशंटनेही काय झालं विचारलं असावं. "करा," म्हणाल्या, "फक्त थेंब वाढवायचे नाहीत."

वास आणि रंग ओळखू येऊ नये म्हणून मामांनी स्वतःच तोड काढली. रोज संध्याकाळी ते ओटीवर बसायचे, डोळे घट्ट मिटायचे, नाकाला कपडे वाळत घालायचा निळा चिमटा लावायचे आणि तोंड उघडायचे. मी जिभेखाली चार थेंब टाकायचे आणि लगेच आल्याचा तुकडा तोंडात कोंबायचे. उघडा डावा खांदा, नाकाला चिमटा, तोंडाचा आ आणि समोर मी चमचा घेऊन उभी. रस्त्याने जाणाऱ्या रिक्षा सावकाश व्हायच्या. एका रिक्षावाल्याने तर थांबून विचारलं, "मामा, घश्यात काटा अडकला काय?" मामांनी चिमट्यातूनच उत्तर दिलं, ते कोणालाच कळलं नाही.

चिठ्ठ्यांनी क्रम असा लागला: तेल, औषध, औषध, तेल. पहिला आठवडा वाईट गेला. रोज चिंधी. पंचा पुन्हा दोरीवर गेला. मामींनी मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "तेलाचा हप्ता हाय ना हा?" मी तोंड घट्ट मिटलं, तेवढ्याने त्यांना कळलं. दुसऱ्या आठवड्यात फेंट आणि सेकंड, तिसऱ्यात जवळजवळ सगळे सेकंड. मामा शिक्का मारताना आता गुणगुणायचे.

आणि इथेच गडबड झाली. मामांच्या धाकट्या लेकीचं लग्न तोवर ठरलं होतं, ते महिनाभर लांब होतं. नवरदेव जहाजावर नोकरीला. त्याला अचानक लवकर निघायचा हुकूम आला आणि सोयऱ्यांनी लग्न अलीकडे ओढलं. हळदीचा दिवस आला चौथ्या आठवड्यात. तेलाच्या.

हळदीची तयारी मामांनी आधीच सुरू केली होती. त्या भागात हळदीला घरच्या सगळ्यांचे कपडे एकाच कापडाचे असतात. दुरून बघितलं तरी कळलं पाहिजे की हे वधूकडचे. कापड अर्थात मामा निवडणार. त्यांनी निजामपुऱ्यात जाऊन शेठच्या गादीवर तीन दिवस ठाण मांडलं आणि मोतिया पांढऱ्या रंगाचा माल आणला.

मामींनी कपाळाला हात लावला. "हलदीला पांढरं कोन घालतं? एका संध्याकालीत वाट लागंल!"

"रंगात खोट लपते," मामा म्हणाले. "पांढऱ्यात न्हाय लपत."

त्या मालाच्या बायकांना लाल काठ लावून साड्या झाल्या, पुरुषांना सदरे झाले. शिंपी माप घ्यायला आला तेव्हा मामांनी त्याला सांगितलं की आपला सदरा अर्धाच शिवायचा. हे ऐकून लेक आतून बाहेर आली. ही मुलगी बोलायला बापाच्या वरताण.

"बाबा, अर्धा सदरा घालून मांडवात आलात तर मी पन अर्धीच हलद लावीन. एका गालाला. तशीच उभी राहीन नवऱ्यापुढं."

सगळे हसले. मामाही हसले. मग ती हसता हसता थांबली आणि म्हणाली, "दीड वर्ष झालं, मी तुमच्या अंगाला डोकं न्हाय टेकलं. जाताना तरी टेकू देनार का न्हाय?"

मामांनी शिंप्याला हाताने खूण केली. पूर्ण शिव.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हटलं, "मामा, टेस्ट आता थांबवू या. लग्नानंतर पुन्हा करू." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो मेव्हण्याचा ताका. "तपासनी मधीच सोडत न्हायत. येत्या हप्त्यात काय हाय ते मना सांगू नको. असंल ते असंल." मी मामींना जाऊन सांगितलं की हळदीचा आठवडा तेलाचा आहे आणि मला काही सुचत नाही. मामी म्हणाल्या, "तू तुझं इमान राख, बाय." मला वाटलं, किती मोठी बाई आहे.

सोमवारी संध्याकाळी मामांनी नाकाला चिमटा लावला, डोळे मिटले, तोंड उघडलं. दोन्ही बाटल्या माझ्यासमोर होत्या. चाळीस वर्षांत एक खोटा शिक्का न मारलेल्या माणसाच्या तोंडात मी तेलाऐवजी औषधाचे चार थेंब टाकले. त्यांनी आलं चावलं आणि "थ्यांक्यू बाय" म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढचे तीन दिवस कॅलेंडरवर सेकंड पडले आणि ते बघून मी निगरगट्ट झाले.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी गर्दी होणार म्हणून मामांनी दुपारी तीनलाच थेंब मागितले. मी दिले. चार वाजता त्यांनी तो पूर्ण सदरा अंगात घातला. आम्ही सगळ्या दाराआडून बघत होतो. डावी बाही घालताना त्यांनी ओठ दाबले, एक एक बटण लावलं आणि मग ताठ उभे राहिले. मोतिया सदरा, पांढऱ्या मिशा. मामींनी पदर डोळ्यांना लावला आणि वर म्हणाल्या, "कॉलर तिरकी हाय."

मांडवात लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीने गाणं धरलं, बाहेर बेंजोवाले सूर लावत होते, पांढऱ्या कपड्यांतली माणसं येत होती. पाचच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की मामा हसतायत. कोणाकडे बघून नाही, असंच. मग त्यांनी खिशातून शिक्का आणि शाईचा डबा काढला आणि पाहुण्यांमध्ये शिरले. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आलेल्या विहीणबाईंच्या साडीचा पदर दोन बोटांत धरला, डोळे मिटले आणि आनंदाने ओरडले, "फ्रेश!" आणि त्यांच्या तळहातावर शिक्का. मग नवरदेवाच्या काकांच्या तळहातावर. मग बेंजोवाल्याच्या. मेव्हणा कोपऱ्यात बसला होता, तोच चिंधीवाला. मामांनी त्याच्या दोन्ही तळहातांवर फ्रेश मारलं आणि त्याला म्हणाले, "तुझे ते ताके येवढे वाईट नव्हते रे." मेव्हणा रडायला लागला. आयुष्यात ज्याने मोजके फ्रेश दिले त्याने अर्ध्या तासात पन्नास वाटले. विहीणबाई तर हात पुसू देईनात, सगळ्यांना दाखवत फिरल्या.

मग मामांचा पाय थोडा लडखडला. मी आणि मामींनी धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. मी मामींकडे बघितलं. मामींनी नजर चुकवली.

"मामी?"

"चहात दिले चार थेंब," त्या पुटपुटल्या. "देवघरातली नवी बाटली फोडली. एक दिसाची बेइमानी देव माफ करतो. तू तर इमान राखनार होतीस ना?"

"मी सोमवारपासून देतेय!"

तेवढ्यात मागून लेकीचा आवाज आला. नवरी हळदीच्या पाटावरून अर्ध्यात उठून आली होती, एका गालाला हळद, दुसरा कोरा. तिचा चेहराच सांगत होता. "आई बोलली होती तेलाचा हप्ता हाय," ती म्हणाली. "मी सरबतात घातले."

मग मी वैद्यबाईंना फोन लावला. आधी त्यांनी मला असं झापलं की आजही आठवलं तर कान गरम होतात. मग सांगितलं की घाबरू नका, बसवून ठेवा, पाणी द्या, एकटं सोडू नका, नाचू देऊ नका, झोप आली तर झोपू द्या. उलट्या झाल्या किंवा छातीत धडधडलं तर ताबडतोब दवाखान्यात न्या. मामींनी नवऱ्याची नाडी धरली आणि तासभर सोडली नाही. मामांचं काहीच म्हणणं नव्हतं. ते खुर्चीवर बसून मांडवाच्या झालरीला, विजेच्या माळांना, आभाळाला फ्रेश देत होते.

लेक त्यांच्यापुढे खाली बसली. "बाबा, डोकं टेकू?"

मामांनी डावा हात उचलून जागा केली. तिने हळूच, अंड्यावर ठेवावं तसं, त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं. डाव्या बाजूला, नेमकं जिथे आग होती तिथे. मामांच्या तोंडातून स्स निघालं. ती घाईने मागे होऊ लागली तर त्यांनी तिचं डोकं धरून ठेवलं.

"दुखतंय ना बाबा?"

"दुखतंय," मामा म्हणाले. "पन हितं न्हाय दुखत. तिकडं कुठं तरी लांब दुखतंय. वडप्याला."

ती हसत हसत रडली आणि तशीच टेकून राहिली. धवलारीण मध्ये थांबली होती, तिने पुन्हा गाणं धरलं.

लग्नाच्या सकाळी मामा शुद्धीवर, अर्ध्या सदऱ्यात, ओटीवर. आम्ही तिघी समोर ओळीने उभ्या. त्यात एक नवरी, मुंडावळ्या बांधायच्या बाकी असलेली.

"किती?" मामांनी विचारलं.

"चार," मी म्हटलं.

"चार," मामी म्हणाल्या.

"चार," नवरी म्हणाली.

मामांनी डोळे मिटले. "चालीस वर्सं निजामपुऱ्यात कोनाची टाप न्हवती मना ताका बदलून द्यायची. घरच्या तीन बायांनी दिला." मग मला म्हणाले, "पुरी तपासनी रिजेक्ट. लग्न झालं की पयल्यापासून." मी मान खाली घातली. मला खूप लाज वाटत होती आणि त्याच वेळी हसूही आवरत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पूर्ण सदरा मंगलाष्टकांपुरता घातला. अक्षता पडल्या आणि बटणं काढली.

तपासणी खरंच पहिल्यापासून झाली. या वेळी मी महादेवाची शपथ घेतली आणि पाळली. देवघराला मामांनी कुलूप लावलं. तेलाच्या आठवड्यांत चिंधी आणि फेंट, औषधाच्या आठवड्यांत बहुतेक सेकंड. फ्रेश एकही नाही. मामा कॅलेंडर घेऊन कल्याणला गेले. वैद्यबाई म्हणाल्या, "आग पूर्ण गेली नाही याचं मला वाईट वाटतं." मामांनाच त्यांचं वाईट वाटलं. "डाक्टरबाय, सेकंडात काय वाईट हाय? सगली दुनिया सेकंड घालून फिरते. चिंधी घालून कोन फिरतंय?" आणि तेव्हापासून ते रोज दोन तीन तास पूर्ण सदऱ्यात असायचे, बाकीचा वेळ अर्ध्यात. औषध चालू ठेवलं, चारच थेंब. मामी आता बाजारात उघड सांगायच्या की आमच्या ह्यांचं भांगेचं औषध चालू आहे, आणि दुसऱ्याचं दुखणं ऐकलं की आधी डॉक्टरला विचार म्हणून बजावायच्या.

पुढे माझी बदली नाशिकच्या गोदामात झाली. मामांचा अजून रोज संध्याकाळी फोनवर एक शब्द येतो. सेकंड. कधी फेंट. मी पण पार्सलचा खोका फाटलेला नसला तरी आता एखादा उघडून आत बघते. वॉचमन म्हणवून घ्यायला आवडत नाही.

खोली सोडायच्या दिवशी मी किल्ली द्यायला खाली गेले. भिंतीवर ते कॅलेंडर होतं. मी पानं मागे उलटली. शिक्के, शिक्के, शिक्के, आणि मध्ये एक चौकट कोरी. हळदीचा दिवस.

"मामा, हा राहिला."

"तो देता येत न्हाय. बेइमानीचा दिवस हाय. रिजेक्ट."

मला वाईट वाटलं. इतका सुंदर दिवस. मी काहीतरी बोलणार होते, पण मामा उठून आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि ते हळदीचा तो मोतिया सदरा घेऊन बाहेर आले. धुतलेला नव्हता. डाव्या छातीवर पिवळाजर्द डाग होता, एका गालाचा, नाकाच्या कडेसकट. चाळीस वर्षांत एवढ्या मोठ्या डागाचं कापड त्यांनी कधी टेबलावरून पुढे जाऊ दिलं नसतं.

त्यांनी सदऱ्याची खालची कड उलटी करून मला दाखवली. आतल्या बाजूला निळ्या शाईत, नेमका, सरळ शिक्का. फ्रेश.

"दिवस रिजेक्ट, बाय," मामा म्हणाले. "ताका पास."